एसडब्ल्यूआर तीन दाखवतोय हो!

पावसाळा लागला की हॅम मित्रांचे फोन सुरू होतात. कुणी कालपरवा परवाना हातात पडलेला विद्यार्थी, कुणी निवृत्तीनंतर पुन्हा माईक उचललेले बँकेतले साहेब; वाक्य मात्र एकच. "एसडब्ल्यूआर तीन दाखवतोय हो, काय करू?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य येतं, "वायर थोडी कापू का?"

कापू नका. निदान इतक्यात नाही.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. हौशी रेडिओचा संच ५० ओहमच्या भारासाठी बनवलेला असतो. संचापासून अँटेनापर्यंत जाणारी कोएक्स केबलही ५० ओहमची. अँटेनाचा भार त्याहून वेगळा पडला की पाठवलेल्या शक्तीचा काही भाग अँटेनापासून परत फिरतो. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून केबलवर जे चढउतार होतात, त्यांचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे काहीच परत आलं नाही. १.५ ला ४ टक्के परत येतं, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. व्हॉल्व्हच्या जुन्या संचांना तीनचं फारसं वावडं नसे. मागचं पाय-नेटवर्क फिरवून ते जुळवून घेत. हल्लीचे ट्रान्झिस्टरचे संच दोनच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आपणच उतरवतात. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स-४० वर हात बसवलेल्या मंडळींना तर तेवढीही सोय नसते. तिथे आयआरएफ५१० हा एकटा मॉसफेट जे येईल ते सोसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मीटर संचाजवळ असतो, अँटेना वर असते आणि मधे वीस-तीस मीटर केबल असते. मीटरवर दिसतो तो आकडा म्हणजे मध्यस्थानं आणलेला निरोप. अँटेनावर आरोप ठेवण्याआधी या मध्यस्थाची उलटतपासणी झाली पाहिजे. आता मुद्द्यांकडे.

१. आधी विचारायचं: काल किती होता?

नवी अँटेना पहिल्या दिवसापासून जुळत नसेल तर दोष बहुधा आखणीत असतो. लांबी, उंची, केबल जोडायची पद्धत यांपैकी काहीतरी. पण वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली अँटेना एका सकाळी तीन दाखवू लागली, तर लांबीला हात लावायचं काही कारणच नाही. तांबं रातोरात हातभर वाढत नाही. काहीतरी तुटलंय, गंजलंय, भिजलंय किंवा सुटलंय.

मग पुढचे प्रश्न. एकाच बँडवर बिघडलाय की सगळ्याच? सगळ्याच बँडवर एकदम बिघडला असेल तर संशय केबलवर आणि कनेक्टरवर. पाऊस थांबून दोन दिवस कडक ऊन पडलं की सुधारतो का? मग पाणी. वारा सुटला की काटा नाचतो का? मग सुटा सांधा. पाच वॅटला बरा आणि शंभर वॅटला वाईट असेल तर विचारायचं की चढतो कसा. फटकन उडी मारत असेल तर कुठेतरी ठिणगी पडतेय, बहुतेक कनेक्टरमध्ये किंवा बॅलनच्या डब्यात. बोलता बोलता, मिनिटाभरात हळूहळू चढत असेल तर बॅलनचं फेराइट तापतंय. हे सगळं फोनवर कळतं, शिडी न लावता.

२. डमी लोड नसेल तर बाकी काही विकत घेऊ नका

डमी लोड म्हणजे ५० ओहमचा नुसता रोध, अँटेनाच्या जागी लावायचा. १ किलो-ओहमचे, २ वॅटचे वीस कार्बन फिल्म रोध समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट झाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळीत मिळतात. तारेच्या वेढ्यांचे रोध मात्र नकोत. वेढा आला की इंडक्टन्स आला.

वापरायची रीत अशी. डमी लोड आधी थेट संचाच्या मागे लावायचा. तिथेच एसडब्ल्यूआर १ येत नसेल तर मीटर किंवा छोटी जोडकेबल खराब आहे आणि छपरावर जायचं कारण उरलं नाही. मग तोच डमी लोड मुख्य केबलच्या दुसऱ्या टोकाला, वर, अँटेनाच्या जागी. इथे १.१ च्या आसपास आलं तर केबलमधून वाट तरी सरळ आहे. ती शक्ती किती खाते ते याच्यातून कळत नाही. त्यासाठी तिसरा मुद्दा आहे.

संचामागची जोडकेबल ही फारच दुर्लक्षित वस्तू. पीएल-२५९ कनेक्टरला जाळी नीट सोल्डर झालेली नसते, वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत ड्राय सोल्डर. हलवून बघा. मल्टिमीटर लावून हलवून बघा.

३. चांगला एसडब्ल्यूआर कधी कधी वाईट बातमी असते

हे समजायला सर्वांत अवघड जातं आणि सर्वांत जास्त वेळ याच्यावर घालवावा असं माझं मत आहे.

एका मित्राची दोन मीटर बँडवरची अँटेना इमारतीच्या गच्चीवर, संच खालच्या मजल्यावर, मधे ३० मीटर आरजी-५८. एसडब्ल्यूआर १.७. "उत्तम आहे की," तो म्हणायचा, "पण रिपीटर उचलत नाही." बॅटरी बदलून झाली, माईक बदलून झाला. वर गेल्यावर दिसलं की अँटेनाच्या पायथ्याशी मधली तार तुटून लोंबत होती. केबलच्या टोकाला काहीही जोडलेलं नव्हतं.

मग १.७ कुठून आला? १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ दर १०० मीटरला साधारण २० डेसिबल खाते. म्हणजे ३० मीटरला ६. वर जाताना तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच गरम होऊन गेली. उरलेली उघड्या टोकावर आपटून पूर्ण परत फिरली आणि खाली येताना पुन्हा तीन चतुर्थांश गेली. मीटरपर्यंत पोचला तो सोळावा हिस्सा. परत येणारं ६ टक्के म्हणजे एसडब्ल्यूआर १.६७. मीटर खोटं बोलत नव्हता. केबलनं त्याच्यापर्यंत जे येऊ दिलं ते तो दाखवत होता. तिथे अँटेना दुरुस्त केली तरी २५ वॅटच्या संचातून वर ६ वॅटच पोचणार, हे मित्राला पटायला वेळ लागला. शेवटी आरजी-२१३ घेतली, जी तेवढ्याच अंतराला अडीच-पावणेतीन डेसिबल खाते.

यातून एक सोपी परीक्षा निघते. केबलचं वरचं टोक उघडं ठेवा आणि खालून अॅनालायझरनं मोजा. (संचानं नव्हे, उघड्या टोकावर संच चालवायचा नसतो.) चांगल्या केबलचा एसडब्ल्यूआर उघड्या टोकाला भरमसाट दिसलाच पाहिजे. तीन-चार दिसला तर केबल शक्ती खातेय. आकडा हवा असेल तर रिटर्न लॉस वाचा, म्हणजे परत आलेली शक्ती पाठवलेल्या शक्तीपेक्षा किती डेसिबल कमी आहे ते. त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एका फेरीचा तोटा.

आणखी एक खूण. ४० मीटर बँडचा साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) साडेसहा ते आठ मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे दोनच्या खाली दाखवत असेल, तर पेढे वाटू नका. एवढी रुंद अँटेना एका साध्या तारेची होत नसते. कुठेतरी तोटा लपलाय.

४. पाणी

कोकणात राहून या विषयावर पुस्तक लिहिता येईल, पण थोडक्यात सांगतो.

पीएल-२५९ जलरोधक नाही. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, तिच्यावर पीव्हीसी टेप, आणि दोन्ही खालून वर गुंडाळत न्यायच्या, म्हणजे वरचा पदर खालच्या पदरावर येतो आणि ओघळणारं पाणी फटीत शिरत नाही. नुसती काळी पीव्हीसी टेप पहिल्या मे महिन्यातच सुटते. केबल घरात शिरण्याआधी तिला एक खालचा झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

खरं नुकसान डायपोलच्या मध्यावर होतं. केबल सोलून जाळी एका बाजूच्या तारेला आणि मधली तार दुसऱ्या बाजूला जोडली, वर एम-सील थापलं आणि काम झालं असं बहुतेकांना वाटतं. जाळी पाणी शोषून आतल्या आत मीटर-मीटरभर नेते. समुद्रकाठी त्यात मीठ येतं. केबल कापल्यावर जाळी काळी पडलेली किंवा हिरवट दिसली तर जिथपर्यंत लख्ख तांबं लागत नाही तिथपर्यंत कापत जायचं. कधी कधी कापता कापता केबलच संपते. एम-सील लावायचं ते सोललेल्या सगळ्या भागावर, वरच्या काळ्या आवरणावर दोन बोटं चढेल असं. तंगूस बांधून टोकं ओढली असतील तर उंदीर-खारींनी ती कुरतडली नाही ना हेही तेव्हाच बघून घ्या.

पीव्हीसी तार पावसात भिजली की जुळणीची जागा काही किलोहर्ट्झ खाली सरकते. हे नैसर्गिक आहे. त्यामागे धावू नका.

५. केबलला हात लावला की काटा हलतो

हा प्रकार पहिल्यांदा पाहिला की माणूस भुतावर विश्वास ठेवू लागतो. केबल हातात धरली, एसडब्ल्यूआर बदलला. केबल गुंडाळून ठेवली, बदलला. मधे दोन मीटरचा तुकडा जोडला, पुन्हा बदलला.

केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर बदलत असेल तर कारणं मुख्यतः दोन. पहिलं, केबल ५० ओहमची नाही. केबलवाल्यांची ७५ ओहमची आरजी-६ स्वस्त आणि कमी तोट्याची असते, त्यामुळे बरेच जण तीच वापरतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण नेमक्या ५० ओहमच्या अँटेनाला पाव लहर लांबीची ७५ ओहमची केबल लावली की खालच्या टोकाला ११२ ओहम दिसतात, म्हणजे २.२५. अर्धी लहर लांबीची लावली की पुन्हा १. अँटेना तीच.

दुसरं कारण जास्त आढळतं. डायपोल दोन्ही बाजूंना सारखा, कोएक्स तशी नाही. त्यामुळे जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह खाली वाहू लागतो आणि केबलच अँटेनाचा तिसरा पाय होऊन बसते. मग लांबी, हात, खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा, सगळं अँटेनाचा भाग. खुणा ओळखीच्या आहेत: माईकच्या धातूला ओठ लागला की चटका, बोलताना टेबलावरचा एलईडी दिवा मिणमिणतो, आणि शेजाऱ्यांच्या दारावरची बेल आपल्या आवाजात बोलते. सोसायटीचे सचिव नोटीस घेऊन येतात ते याच टप्प्यावर.

इलाज चोक, म्हणजे हा प्रवाह अडवणारा बॅलन. सर्वांत स्वस्त म्हणजे साडेचार-पाच मीटर आरजी-५८ चे अँटेनाच्या मध्याजवळच सहाएक वेढे, वीतभर व्यासाचे, नीट बांधून. ४० मीटरवर चालतो, पण बऱ्यापैकीच. चांगला हवा असेल तर ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या २.४ इंची फेराइट कड्यावर दहा-बारा वेढे. वॉल्टर मॅक्सवेल या अमेरिकी हॅमनं १९८३ मध्ये कोएक्सवर फेराइटचे मणी ओवून केलेला बॅलन आजही अनेकजण त्याच पद्धतीनं बनवतात. जुन्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमधलं फेराइट काढून वापरणारेही भेटतात. ते मिश्रण कोणतं हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून मोजल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

एंड-फेड अँटेनावाल्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

६. दरी कुठे आहे आणि किती खोल आहे

वारंवारतेनुसार एसडब्ल्यूआरचा आलेख काढला की मधे एक दरी दिसते. फोनवर मला नुसता आकडा नको असतो. दरी कुठल्या वारंवारतेला आहे आणि तिचा तळ किती आहे, हे दोन आकडे हवे असतात.

दरी चुकीच्या जागी पण खोल असेल तर प्रश्न लांबीचा. दरी योग्य जागी पण उथळ असेल, तळाशीच दोन असेल, तर वायर कितीही कापा, दरी इकडून तिकडे सरकेल, खोल होणार नाही. तिथे रोध चुकलाय. आणि एसडब्ल्यूआर मीटर एक गोष्ट कधीच सांगत नाही: २५ ओहमलाही तो दोन दाखवतो आणि १०० ओहमलाही दोनच.

आडव्या डायपोलचा रोध उंचीनुसार बदलतो. जमिनीपासून अर्ध्या लहरीवर ७० च्या आसपास, लहरीच्या तिसऱ्या हिश्शाला ९० च्या वर. ४० मीटर बँडसाठी तिसरा हिस्सा म्हणजे साधारण १४ मीटर. इतक्या उंचीवर छान टांगलेला डायपोल १.८ दाखवतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. मध्य उंच ठेवून दोन्ही हात खाली उतरवले, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही केला, की रोध कमी होतो आणि ५० च्या जवळ येतो. गच्चीवर जागा कमी असणाऱ्यांना ही सक्ती वरदान ठरते.

उभ्या अँटेनाची गोष्ट उलटी आणि मजेदार आहे. पाव लहरीच्या उभ्या तारेचा आपला रोध ३६ ओहम. जमिनीतल्या तोट्याचा रोध त्यात मिळतो. रेडियल, म्हणजे पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा, चारच टाकले, जमीन कातळाची, तोटा १४ ओहम. एकूण ५०, एसडब्ल्यूआर १.०. मालक खूश. पण शंभरातले २८ वॅट जमीन तापवतायत. आता रेडियल वाढवत नेले, तोटा ४ ओहमवर आला, एकूण ४०, एसडब्ल्यूआर १.२५. आकडा बिघडला, आणि ९० वॅट आकाशात जाऊ लागले. रेडियल वाढवल्यावर "काहीतरी बिघडलं" म्हणून ते पुन्हा काढून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

७. कापायचंच असेल तर गणित करून

इथवर सगळं तपासून झालं आणि दरी खरंच चुकीच्या जागी आहे. मग गुणाकार-भागाकार पुरतो. आताची लांबी गुणिले आताची वारंवारता, भागिले हवी असलेली वारंवारता. २०.४ मीटरच्या डायपोलची दरी ६.८५ ला आहे आणि ७.१ ला हवी आहे: १९.६८ मीटर. म्हणजे ७२ सेंटिमीटर कमी, दर बाजूला ३६. सुरुवातीच्या अंदाजासाठी १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ साठी २०.१४ मीटर. घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार वापरली तर त्याहून दोन-चार टक्के कमी लागेल.

कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट पिळा. आणि मोजणी नेहमीच्या उंचीवर. छातीएवढ्या उंचीवर जुळवलेली अँटेना वर चढवली की दुसरीच होते. पत्र्याची शेड, सोलर हीटरचा सांगाडा, गच्चीचा लोखंडी कठडा हे सगळे शेजारी आपापला वाटा मागतात.

८. मीटरही तपासावा

साध्या एसडब्ल्यूआर मीटरमध्ये डायोड असतात. शक्ती फार कमी असली की परतीच्या बारीकशा व्होल्टेजला ते दादच देत नाहीत, आणि एसडब्ल्यूआर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून अर्ध्या वॅटवर मिळालेला १.२ प्रमाणपत्र म्हणून दाखवू नये.

जपानमधल्या एका हौशीच्या आराखड्यावरून निघालेला नॅनोव्हीएनए २०१९ पासून सगळीकडे पसरला आणि त्यानं या छंदाचं भलं केलं. पण ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशन ज्या वारंवारतांच्या टप्प्यात मोजायचं त्याच टप्प्यात करायला हवं. खालून, केबलमधून मोजलेला रिअॅक्टन्स अँटेनाचा नसतो. वाटेत केबल त्याला फिरवते. एकतर केबलच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशन करा, नाहीतर अर्ध्या लहरीच्या पटीतली केबल वापरा: ७.१ ला आरजी-५८ साठी १३.९ किंवा २७.९ मीटर. मग फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला तो गोल तक्ता वाचता येतो. बँडच्या मधोमध बिंदू मधल्या रेषेच्या वर असेल तर डायपोल लांब, खाली असेल तर आखूड.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांचे अॅनालायझर वेड्यासारखे आकडे देतात. तो दोष तुमच्या तारेचा नव्हे. आणि वळवाच्या पावसाचे ढग आले असताना लांब तारेवर स्थिर विद्युत साठते. व्हीएनए लावण्याआधी केबलची मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकींना टेकवायची. ढग गडगडत असतील तर मोजमाप उद्या.

९. ट्यूनर

ट्यूनर संच आणि केबल यांच्यात बसतो. तो संचाचं समाधान करतो. केबलवरचा एसडब्ल्यूआर जिथल्या तिथे राहतो. ४० मीटरचा डायपोल २१ मेगाहर्ट्झला दीड लहरीचा होतो, रोध शंभरच्या आसपास, तिथे ट्यूनर अगदी योग्य. तोच डायपोल १४ ला पूर्ण लहरीचा, रोध काही हजार ओहम. ट्यूनर तिथेही १.० दाखवेल आणि बरीचशी शक्ती कोएक्समध्ये जिरेल. तिथे दोन समांतर तारांची शिडीसारखी लाइन हवी.

टी-नेटवर्कच्या ट्यूनरमध्ये जुळणी एकापेक्षा जास्त जागी सापडते. ज्या जागी दोन्ही गँग कंडेन्सर जास्तीत जास्त मिटलेले असतील ती निवडा. गँग पूर्ण उघडे आणि कॉइल जास्त, अशा जागी जुळवलं तर कॉइलला हात लावून बघा. बंद केल्यावर, अर्थात.

१०. नोंद कोणती ठेवायची

१.८ चा १.२ करण्यात लोक सुट्ट्या घालवतात. दोनच्या एसडब्ल्यूआरला परतणारे ११ टक्के म्हणजे अर्धा डेसिबल. पलीकडच्या माणसाच्या एस-मीटरचं एक घर ६ डेसिबलचं असतं. संच पूर्ण शक्ती देत असेल तर ती सुट्टी अँटेना दोन मीटर वर न्यायला वापरावी.

वेळ असेल तर वहीत लिहा: दरीची वारंवारता, तळाचा एसडब्ल्यूआर, तारीख, पाऊस की ऊन. आणि एक आकडा जो जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ४० मीटरच्या डायपोलवर ३.५ मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस किती? त्या वारंवारतेला हा डायपोल जवळजवळ सगळंच परत पाठवतो, म्हणजे वर न चढता उघड्या टोकाची परीक्षा होते. ३० मीटर चांगल्या आरजी-५८ ला दीडच्या थोडं वर येतो, एसडब्ल्यूआर दहाच्या पुढे.

मालवणकडच्या एका मित्रानं हा आकडा लिहून ठेवला होता. श्रावणात त्याचा फोन आला तेव्हा ७.१ ला एसडब्ल्यूआर १.३ होता, पूर्वीपेक्षा सुधारलेला, पण पुण्याची मंडळी त्याला ऐकू येईनाशी झाली होती. ३.५ ला मोजायला सांगितलं. रिटर्न लॉस पाचवर गेलेला, एसडब्ल्यूआर साडेतीन. केबल पाणी प्यायली होती. त्यानं नवी केबल आणून खालीच कनेक्टर लावले, चोक गुंडाळला, टेप केली, आणि नारळ पाडणाऱ्याला माडावर एकदाच चढवला.